पाचव्या गल्लीचा पॅटर्न

आमच्या गल्लीतला पहिला दिवा विझला तो टेबलावर. खऱ्या घरातला त्यानंतर दोन-अडीच महिन्यांनी विझला. मेहरूचाचींनी दाराला कुलूप घातलं, किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, "तुमच्या त्या भातुकलीत आमचा दिवा कवाच गेलाय, मंजे. मी मागं राहून कुनाची वाट बघू?" त्या हसत बोलल्या. मला मात्र त्या दिवशी जो राग आला तो अजून उतरलेला नाही, आणि उतरावा अशी माझी इच्छाही नाही.

आमची ओतारी वसाहत शहराच्या अगदी टोकाला, नाल्याच्या पलीकडे आहे. इथे पूर्वी फौंड्र्या होत्या. पंपाची केसिंग, ट्रॅक्टरचे हब, गटारांची झाकणं, सगळं इथल्या भट्ट्यांतून ओतून निघायचं. फौंड्र्या नव्या औद्योगिक वसाहतीत गेल्या, तिथे यंत्रांच्या ताब्यात गेल्या, आणि मागे सात गल्ल्या, काळ्या पडलेल्या भिंती आणि आम्ही उरलो. महापालिकेच्या लेखी आम्ही निवडणुकीच्या आधी महिनाभर अस्तित्वात असायचो. आमच्या हातची झाकणं साऱ्या शहराच्या गटारांवर होती आणि आमची गटारं उघडी होती.

मग पुनरुज्जीवन योजना आली, आणि तिच्याबरोबर डॉ. ईशा रणदिवे त्यांचं यंत्र घेऊन आल्या.

यंत्र दिसायला साधं होतं. समाजमंदिराच्या सभागृहात एक मोठं टेबल, त्यावर छोटीशी आमची वसाहत, आणि प्रत्येक घराखाली एक बारीक दिवा. खरी करामत टेबलाच्या पोटात होती. विजेची मीटरं, पाण्याची मीटरं, शाळेची हजेरी, औषधांची खरेदी, कुठला फोन दिवसभर कुठे फिरतो त्याच्या वाटा, हे सगळं त्यात भरलेलं होतं. नावं काढून टाकून, म्हणे. त्यातून यंत्र प्रत्येक कुटुंबाचा एक जुळा तयार करायचं. जुळा आकड्यांचाच, पण वागायचा तुमच्यासारखा. नळाला पाणी कमी आलं की वैतागायचा, शेजारचं घर रिकामं झालं की अस्वस्थ व्हायचा, पोरांची शाळा लांब पडली की दुसरीकडे घर बघायला लागायचा. असे सगळे जुळे एकत्र सोडायचे आणि वर्षं पळवायची. पाच मिनिटांत पुढची पंधरा वर्षं टेबलावर दिसायची. घरात माणसं आहेत तोवर दिवा चालू, गेली की बंद. तुम्ही मध्ये बाग ठेवा, रस्ता रुंद करा, दवाखाना हलवा आणि पुन्हा पळवून बघा. हे सगळं लोकांनी आपल्या हातानं करून बघायचं होतं. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडलं होतं.

टेबलावरची घरं मात्र यंत्रातून छापून आली होती, पांढरी आणि एकसारखी. लोक यायचे, टेबलाभोवती फिरायचे आणि विचारायचे, "ह्यात आमचं कुठलं?" म्हणून रणदिवे मॅडम माझ्या वर्कशॉपवर आल्या. मी मंजिरी सुतार. शहरातल्या बिल्डरांसाठी इमारतींची मॉडेलं करते. ज्या घरांच्या दारात मला वॉचमन उभं करणार नाही, ती घरं आधी माझ्या हातून बनतात. आमचा मूळ धंदा पॅटर्नचा. आण्णा, म्हणजे माझे वडील, या वसाहतीतले नावाजलेले पॅटर्नमेकर होते.

पॅटर्न म्हणजे काय ते इथंच सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. लोखंडाचा भाग ओतायचा तर आधी तो लाकडात करतात. तो वाळूत दाबून काढला की तिथे त्याची पोकळी राहते आणि तिच्यात लोखंडाचा रस ओततात. पण निवताना लोखंड आकसतं. म्हणून लाकडाचा पॅटर्न हव्या त्या मापापेक्षा केसभर मोठा करावा लागतो. त्यासाठी पॅटर्नमेकरकडे वेगळीच पट्टी असते, श्रिंकेजची. दिसायला साधी, पण तिच्यावरचा इंच खऱ्या इंचापेक्षा जरासा मोठा. माझा थोरला भाऊ उद्धवदादा सातवीत असताना भूमितीच्या पेपरला घाईत तीच पट्टी घेऊन गेला. त्याची एकूण एक मापं चुकली. मास्तरांनी आण्णांना बोलावून घेतलं, तर आण्णा म्हणाले, "मास्तर, पोराचं बराबर हाय. तुमचा कागद निवला की मापात येतंय." आमच्या घरात पाहुणा आला की हे अजून सांगितलं जातं.

दादाचं घर आणि माझं घर पाचव्या गल्लीत एकमेकांना लागून आहेत आणि मध्ये आण्णांचं वर्कशॉप. एका बाजूनं दादाचं दार उघडतं, दुसऱ्या बाजूनं माझं. दादा नव्या औद्योगिक वसाहतीत यंत्रावर पॅटर्न कापून घेतो, पण रविवारी लाकडाला हात लावल्याशिवाय त्याला जेवण जात नाही. मी लग्न केलं नाही. दादा, कुंदावहिनी आणि त्यांची अनुजा हेच माझं घर.

मी सगळी वसाहत सागवानात नव्यानं केली. मेहरूचाचींचा बाहेरून चढणारा जिना केला, दादाच्या दारातला तुळशीकट्टा केला, चव्हाणांनी पत्रा उडू नये म्हणून छपरावर ठेवलेला ट्रॅक्टरचा टायरसुद्धा केला. पहिल्या दिवशी सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. चव्हाण बराच वेळ वाकून बघत होते. "टायर झ्याक केलास गं," ते म्हणाले, "फकस्त त्यात हवा जरा कमी हाय." सगळे हसले. पोरं आपापलं घर बोटानं दाखवत होती. आपल्या राहत्या घराकडे कुणीतरी एवढं निरखून बघितलं आहे, हेच लोकांना नवं होतं.

मग मॅडमनी वर्षं पळवली. बाकीच्या गल्ल्यांत दिवे थोडे लुकलुकले. पाचव्या गल्लीत चौथ्या वर्षी मेहरूचाचींचा दिवा गेला, मग त्यांच्या पलीकडचा, मग आणखी एक. लोक टेबलाकडे बघायचे सोडून एकमेकांकडे बघायला लागले.

"ही भविष्यवाणी नाही," रणदिवे मॅडम म्हणाल्या. "ही एक शक्यता आहे. निकाल बदलू शकतो."

"डॉक्टर बी असंच म्हनत्यात," मेहरूचाची म्हणाल्या, "आणि मग घरच्यास्नी बाजूला बोलावून घेत्यात."

टेबल सभागृहातच ठेवलं गेलं, सगळ्यांना केव्हाही बघता यावं म्हणून. महापालिकेनं बाहेर फलक लावला, त्यावर पारदर्शकता असा शब्द होता. वसाहतीनं त्याचं नाव भातुकली ठेवलं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी नवी माहिती भरून वर्षं पुन्हा पळवायची, असं ठरलं.

आणि तिथून सुरुवात झाली. कुणीच काही वाईट केलं नाही, हेच तर त्यातलं संतापजनक आहे. म्हाताऱ्यांना तपासायला येणारी नर्सची गाडी पाचव्या गल्लीच्या तोंडाशी थांबायची. नियोजनवाल्यांनी टेबल बघितलं आणि जिथे माणसंच राहणार नाहीत तिथला थांबा कशाला, म्हणून तो दुसऱ्या गल्लीत नेला. मेहरूचाचींच्या गुडघ्यांना तेवढं चालवेना. त्या मुलीकडे निपाणीला गेल्या. बँकेनं आमच्या गल्लीत घरदुरुस्तीचं कर्ज द्यायचं थांबवलं. किराणावाल्यानं नवा फ्रीज घ्यायचा बेत रद्द केला, मग दूध ठेवणं बंद केलं. दूध मिळेना म्हणून तान्ह्या पोराचं एक कुटुंब गेलं. दर महिन्याच्या त्या रविवारी ही सगळी माहिती टेबलाच्या पोटात जायची आणि पाचवी गल्ली आणखी थोडी काळी व्हायची. तिसऱ्या महिन्यात टेबलावर दादाचाही दिवा गेला.

"यंत्र आता खूप अचूक झालंय," मॅडम मला म्हणाल्या. त्यांना खरोखर आनंद झाला होता. "पहिल्या दिवशी दाखवलं त्याहून जास्त जुळतंय. मेहरुन्निसा शिकलगारांचं घर पहिलं रिकामं होणार, हे तर त्यानं आधीच सांगितलं होतं."

मला काहीतरी खटकत होतं, पण त्याला शब्द सापडत नव्हते.

ते सापडले अनुजाला बघायला जयसिंगपूरचं स्थळ आलं त्या दिवशी. माणसं बरी होती. पोहे खाल्ले, अनुजाची प्रयोगशाळेतली नोकरी किती दूर, मुलाला तिखट चालतं का, असं सगळं बोलणं झालं. मुलगा आणि अनुजा वर्कशॉपमध्ये जाऊन चांगलं अर्धा तास बोलून आली, दोघांच्या कपड्यांना लाकडाचा भुसा लागलेला. वहिनी आतून माझ्याकडे बघून हसली. आणि मग मुलाचे काका रुमालाला हात पुसत म्हणाले, "आम्ही येताना तुमच्या सभागृहात जाऊन आलो. तुमचा दिवा तिसऱ्या साली जातोय, असं दिसलं."

दादानं हातातला कप खाली ठेवला.

"तसं मनात काही नाही," काका म्हणाले. "पण पोरीचं माहेर म्हणजे कायमचा आधार असतो. तेच कुठे राहणार हे ठरलेलं नसलं तर…"

"मग आत्ता उजेड आहे तोवर बघून घ्या," अनुजा म्हणाली आणि कपांचा ट्रे उचलून आत गेली.

ती माणसं गेली. दादा वर्कशॉपमध्ये येऊन आण्णांच्या स्टुलावर बसला. मी काहीबाही बोलत होते, असली माणसं गेली ते बरं झालं वगैरे. त्यानं मला थांबवलं.

"मंजे, मी फॅक्टरीच्या कॉलनीत खोल्या बघून आलोय. पुढच्या महिन्यात जातोय आम्ही."

"आणि वर्कशॉप?"

"वर्कशॉपला कोन मुलगी द्यायची हाय?"

"दादा, तो दिवा म्हणजे बल्ब आहे. मी बसवलाय माझ्या हातानं."

"ठावं हाय मला. मला न सांगता बसवला व्हतास काय?" त्याचा आवाज चढला. "त्यो खरा हाय का खोटा, ह्येच्याशी मला काय करायचंय? लोक बघून येत्यात न्हवं? मला माझी पोरगी उजवायची हाय. तू हितं आण्णांच्या रंध्यांस्नी तेल लावत बस."

"तू गेलास की तो दिवा खरा होतो, कळतंय का तुला?"

"कळतंय," तो म्हणाला. "म्हनूनच लवकर जातोय."

तो गेल्यावर मी किती तरी वेळ तिथेच होते. राग कुणावर काढावा ते समजत नव्हतं, म्हणून समोरच्या फळीवर रंधा मारत बसले. भिंतीवर खिळ्याला श्रिंकेजची पट्टी अडकवलेली होती. तिच्याकडे बघता बघता इतके दिवस काय खटकत होतं ते कळलं. रणदिवे मॅडम त्या टेबलाला प्रतिकृती म्हणत होत्या. प्रतिकृती वस्तूच्या मागून येते, वस्तूची नक्कल करते. आमच्या धंद्यात उलटं असतं. लाकूड आधी, लोखंड नंतर. पॅटर्न जसा तशी वस्तू. माझ्या हातून प्रतिकृती झालीच नव्हती. मी पॅटर्न करून दिला होता, आणि तीन महिने माझी गल्ली त्याच्यात ओतली जात होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मॅडमना सभागृहात गाठलं.

"मॅडम, तुमच्या टेबलावर सगळी वसाहत आहे ना?"

"हो."

"हे सभागृह आहे. ह्या सभागृहात हे टेबल कुठे आहे?"

त्या आधी हसल्या. मग त्यांचं हसू हळूहळू गेलं, कारण बाई हुशार होती. पावसाचा अंदाज सांगितला तरी ढगाला तो ऐकू येत नाही. ढग आपल्या वाटेनं जातो, म्हणून अंदाज बरोबर की चूक ते नंतर तपासता येतं. माणसाला मात्र अंदाज ऐकू येतो. टेबलातल्या जुळ्यांना पाणी, शाळा, शेजार सगळं दिसत होतं, फक्त टेबल दिसत नव्हतं. आम्हाला ते रोज दिसत होतं. हा एवढा एक फरक यंत्रात कुणी धरलाच नव्हता.

"पहिल्या दिवशीची माहिती आहे ना अजून?" मी म्हणाले. "तीच घ्या. एकदा टेबलाशिवाय पळवा आणि एकदा टेबल आत ठेवून. जुळ्यांना बघू दे आपले दिवे."

त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत, हे त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं. त्यांना दोन दिवस लागले. मी तोवर काड्यापेटीच्या काडीचं एक इवलंसं टेबल करून सागवानी सभागृहात ठेवलं. त्याची यंत्राला काही गरज नव्हती, मला होती.

आधी टेबलाशिवाय पळवलं. चौथ्या वर्षी मेहरूचाचींचा दिवा गेला, मग पलीकडचा, मग आणखी एक. अगदी पहिल्या दिवशीसारखं. पण या वेळी मी शेवटपर्यंत बघत राहिले, आणि सहाव्या वर्षी चाचींचा दिवा पुन्हा लागला. नवं कुणीतरी राहायला आलं होतं. मग दुसरा लागला. दादाचा तर गेलाच नव्हता. पंधरा वर्षं संपली तेव्हा पाचवी गल्ली पूर्ण उजळलेली होती. हे पहिल्या दिवशीही टेबलावर दिसलंच असणार. पण तेव्हा आम्ही कुणी बघत नव्हतो, आम्ही घाबरून एकमेकांची तोंडं बघत होतो.

मग टेबल आत ठेवून पळवलं. चाचींचा दिवा पहिल्याच वर्षी गेला. मग तान्ह्या पोराचं घर गेलं, मग किराणावाला, मग दादा. खऱ्या गल्लीत जे घडत आलं होतं त्याच क्रमानं. तिसऱ्या वर्षी आख्खी गल्ली काळी झाली आणि नंतर एकही दिवा परत लागला नाही. अंधारी गल्ली बघून कोण राहायला येणार?

मॅडम खुर्चीत बसून राहिल्या. "हे आपण केलं," त्या म्हणाल्या.

"आपण?" मी म्हणाले. त्या एका शब्दावर मी त्यांना काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. त्यांनी ते ऐकून घेतलं.

आठवड्यानं आम्ही दोघी महापालिकेच्या उपायुक्तांकडे गेलो. मॅडमनी सगळं नीट समजावलं, पडद्यावर दोन्ही निकाल शेजारी शेजारी दाखवले आणि टेबल ताबडतोब हलवावं असं सांगितलं. उपायुक्तांनी मन लावून ऐकलं. मधे फोन आला तो त्यांनी घेतला नाही.

"म्हणजे जे दाखवू ते होतं?" त्यांनी विचारलं.

"लोकांनी विश्वास ठेवला तर, हो," मॅडम म्हणाल्या.

"उत्तम काम आहे." ते उठून भिंतीवरच्या नकाशाजवळ गेले. आमच्या पाचव्या गल्लीवरून एक लाल रेघ नाल्यापर्यंत गेलेली होती. ती मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितली. "हा जोडरस्ता किती वर्षं अडकलाय, माहीत आहे? भूसंपादन म्हटलं की लोक कोर्टात जातात. इथे तर माणसं आपणहून चाललीत, कुणाची तक्रारसुद्धा नाही. टेबल मुळीच हलवू नका. आणि सातव्या गल्लीचं असं काही दाखवता येईल का, तेही बघा."

मी उठून त्या लाल रेघेवर बोट ठेवलं.

"साहेब, तुमचं घर कुठल्या टेबलावर आहे?"

"चहा घ्या ना," ते म्हणाले.

बाहेर आल्यावर मॅडम म्हणाल्या की त्या वर कळवतील, लेख लिहितील, हे सगळं उघड करतील. मी विचारलं, लेख छापून यायला किती दिवस लागतात. त्यांनी सांगितलं, वर्ष तरी. दादाचा टेम्पो येत्या रविवारी यायचा होता.

मी वर्कशॉपमध्ये आले आणि पहिल्यांदा पटाशी आणि हातोडा उचलला. टेबल फोडून टाकायचं, एवढंच डोक्यात होतं. दारापर्यंत गेलेही. पण फोडलं असतं तर लोकांच्या डोळ्यांत शेवटचं चित्र अंधाराचंच राहिलं असतं, आणि साहेबांनी महिन्याभरात दुसरं टेबल आणलं असतं. पॅटर्न चुकला तर आण्णा तो फोडत नसत, दुसरा करत. मी हातोडा ठेवला आणि सागवान काढलं.

पाचवी गल्ली मी पुन्हा पहिल्यापासून केली. एकेक घर, जिना, तुळशीकट्टा. प्रत्येक घराच्या पोटात स्वतःचा सेल आणि स्वतःचा दिवा बसवला. खालच्या यंत्राशी त्याचा काडीचा संबंध नाही. वर्षं पळायला लागली की सगळे तेवत राहणार, आणि चाचींचा बंद असलेला दिवा चौथ्या वर्षी, माझ्या मुठीतल्या बटणावर, लागणार. माप घ्यायला हात भिंतीकडे गेला तेव्हा हाताला आली ती श्रिंकेजची पट्टी. मी ती खाली ठेवली नाही. शनिवारी दुपारी, सभागृह जेवणासाठी बंद असतं तेव्हा, दुरुस्ती आहे म्हणून सांगून मी जुनी गल्ली उचलली आणि नवी बसवली.

हे खोटं आहे, मला माहीत आहे. कुणी सांगायला नको. त्यांचं टेबल पहिल्या दिवशी खरं होतं, तरी त्यानं माझी गल्ली मारली. त्यानंतर खऱ्याखोट्याचे धडे मी त्यांच्याकडून घेणार नव्हते.

रविवारी सभागृह भरलं. दादाही आला होता. यायचं नव्हतं, पण वहिनीनं ओढून आणलं. जाण्याआधी एकदा बघते म्हणाली. मॅडमनी वर्षं पळवली. त्यांच्या लॅपटॉपच्या पडद्यावर पाचवी गल्ली विझत होती, ते मला त्यांच्या मागे उभी राहून दिसत होतं. टेबलावर ती तेवत होती. चौथ्या वर्षी मेहरूचाचींच्या जिन्याखालून उजेड आला.

कुणीतरी हलकेच म्हणालं, "चाचींचा लागला की."

मॅडमनी पडद्याकडे बघितलं, टेबलाकडे बघितलं, मग मान वळवून माझ्याकडे. "मंजिरीताई, हे विज्ञान नाही," त्या अगदी हळू म्हणाल्या.

"नाही. सुतारकाम आहे."

महापालिकेचा माणूस पुढे आला. "डॉक्टर, हे असं कसं काय? मागच्या महिन्यात तर…"

मॅडमनी लॅपटॉप मिटला. त्यांनी टेबलाच्या कडेवर हात ठेवला. "निकाल बदलू शकतो," त्या म्हणाल्या. "मी पहिल्या दिवसापासून हेच सांगते आहे."

लोक टेबलाजवळ सरकले. आज ते एकमेकांकडे बघत नव्हते, शेवटपर्यंत दिव्यांकडे बघत होते. किराणावाला आपल्या दुकानासमोर वाकून उभा होता. दादा गर्दीतून वाट काढत पुढे आला. त्यानं चौथ्या गल्लीच्या छपरांवरून पाचव्या गल्लीपर्यंत बोट फिरवलं, सावकाश, पॅटर्नचा सांधा तपासतात तसं. सांध्यापाशी बोट अडलं. पुन्हा मागे नेलं, पुन्हा अडलं. नवी गल्ली जुन्यापेक्षा केसभर उंच होती. डोळ्यांना दिसली नसती, पण त्याचं बोट आण्णांनी तयार केलेलं होतं.

त्यानं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता हा सगळ्यांसमोर बोलणार. बोलला असता तर चूक नव्हती त्याची.

"कुठली पट्टी घेतलीस?" त्यानं विचारलं.

"भूमितीच्या पेपरची."

त्याचा चेहरा आधी कडक झाला. मग त्यानं खाली बघून नाक ओढलं आणि वहिनीकडे वळून म्हणाला, "टेम्पोवाल्याला फोन लाव. नगं म्हनून सांग."

"आणि अनुजाचं?" वहिनी म्हणाली.

"ज्येला दिवा बघायचाय त्येला आन हितं. मी सोता दाखवतो."

पुढच्या महिन्यात ते मला पकडतील. मॅडम किती दिवस गप्प राहतील कोण जाणे, आणि उपायुक्त काही मूर्ख नाहीत. पकडू देत. साहेबांनी खुर्चीत बसून एक गल्ली विझवली, त्यांना कुणी खोटारडं म्हणालं नाही. मला म्हणतील, तर मी त्याच सभागृहात उभी राहून काड्यापेटीच्या काडीचं ते टेबल दाखवीन आणि सगळ्यांना सगळं सांगेन. पण तेव्हा सांगेन. आधी गल्ली निवायला हवी.

सभागृहातून परत येताना दादा माझ्या पुढे चालत होता. चाचींच्या दारापाशी तो थांबला आणि मागे न बघता हात पुढे केला.

"किल्ली दे."

"कशाला?"

"तिकडं दिवा लावून बसलीयस न्हवं सगळ्यांदेखत?" तो चिडूनच बोलला. "मग हितं नगं लागायला? संध्याकाळी लोक बघायला येत्याल."

मी किल्ली दिली. कुलूप गंजलं होतं, जरा जोर लावावा लागला. दादा आत गेला, अंधारात कशाला तरी धडपडला, चाचींच्या नावानं काहीतरी पुटपुटला, आणि मग जिन्याखालचा दिवा लागला.